मामाने पाठवलेलं पार्सल

आमचे हे कुलूप-किल्लीवाले. बाजारात ह्यांचं खरं नाव विचारलंत तर शेजारच्या घड्याळवाल्यालाही सांगता यायचं नाही, पण ‘किल्लीवाले कुठे बसतात’ म्हटलं की शेंबडं पोरही बोट दाखवील. दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधली फट. पुढे काउंटर, त्यावर किल्ल्या कापायचं मशीन, मागे भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, आणि एक पडदा. पडद्यामागे हे जेवतात, डुलकी काढतात आणि माझ्यापासून लपतात. ह्यांच्या शर्टाच्या खिशात पितळेचा भुसा सापडला नाही, असा धुण्याचा दिवस मला आठवत नाही.

माणूस कामात चोख. कुणाचं दार अडलं, कुणी किल्ली आत विसरून बाहेर अडकलं, की हातातला घास ताटात टाकून निघतील. पण स्वतःचं काम असलं की तहान लागल्यावर विहीर खणायला घेणार. आमच्या लग्नात नवरदेवाचे बूट सकाळी विकत घेतले होते, एक नंबर लहान. सगळे फोटो पाहा, हे कसनुसं हसताहेत. लोकांना वाटतं लाजले.

वर्षअखेरच्या सुट्ट्या आल्या की तर विचारूच नका. लोक चार दिवस बाहेर निघतात, आणि बाहेर निघालेल्या माणसाला अचानक स्वतःच्या दाराचा संशय येतो. वर्षभर लटपटत्या कडीवर सुखाने झोपलेला माणूस निघायच्या आदल्या दिवशी धावत येतो, ‘आत्ताच्या आत्ता बसवून द्या.’ मग हे गावभर दुसऱ्यांची दारं पक्की करत हिंडतात, आणि स्वतःची खरेदी दुकानांची शटरं पडायला लागल्यावर आठवते. भाचीची भेट दरवर्षी अशीच यायची. एका वर्षी शोकेसमधली शेवटची बाहुली आणली, उन्हाने एक गाल पांढरा पडलेली. एका वर्षी चित्राचे तुकडे जुळवायचा खेळ आणला, त्यात घोड्याचं तोंडच नव्हतं. भाचीला काही नाही. ती म्हणाली, ‘मामा, हा घोडा लाजलाय.’ मामा खूश. मामा-भाची एकाच माळेचे मणी.

भाची म्हणजे बेबीची मुलगी. बेबी ही ह्यांची धाकटी बहीण. पस्तिशी उलटली तरी घरात सगळ्यांची बेबीच. आणि तिचा नवरा, त्याला आम्ही भावोजी म्हणायचो, अहोजाहो करत. आता मी अरेतुरे करते. तोंडावर नाही, तेवढं धाडस अजून झालेलं नाही. पण सांगताना तरी करते.

तो दिसायला गोगलगाय. आवाज कधी चढायचा नाही, शिवी तर ऐकलीच नाही. एका कंपनीत हिशेब बघायचा आणि नात्यात कुणाचंही काही अडलं की ‘मी आहे ना’ म्हणून पुढे. मोबाईल बिघडला, मी आहे ना. बिल भरायचं, मी आहे ना. ऑनलाइन खरेदीचं खातंही त्यानेच उघडून दिलं होतं, सगळ्या नात्याला मिळून एक. वर्षाची वर्गणी एकदाच भरायची, मग कुणीही काहीही मागवा, दुसऱ्या दिवशी घरपोच. चार घरांनी चार वर्गण्या कशाला भरायच्या? आम्हाला वाटलं, काय हुशार जावई मिळालाय. मी ह्यांचे पायमोजे मागवले की पुढच्या भेटीत तो जेवताना म्हणायचा, ‘वहिनी, या वेळी मोठ्या मापाचे घेतलेत?’ सगळे हसायचे. मीही हसले आहे. खातं त्याचं, त्यामुळे कोण काय मागवतं, कुठे मागवतं, सगळं त्याच्या फोनवर उमटायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

बेबी मात्र हसायची नाही. एकदा स्वयंपाकघरात तिच्या मनगटाला मी बर्फ लावत होते. पाय घसरला म्हणाली. पाय घसरलेल्या बाईच्या मनगटावर चार बोटं कशी उमटतात? मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पुढे एकदा तिने दुधाच्या पिशवीबद्दल सांगितलं. पिशवी आणायला खाली गेली की तो घड्याळ लावायचा. उशीर झाला तर ओरडायचा नाही. नुसता दाराला आतून कडी घालून बसायचा, आणि मुलगी आत, आई बाहेर, असं तासन्‌तास. आतून मुलीशी गप्पा मारायचा, बाहेर ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

एका सकाळी बेबी मुलीचं दप्तर आणि एक पिशवी घेऊन निघाली ती परत गेली नाही. ह्यांच्या एका गिऱ्हाइकाची शहराच्या पार दुसऱ्या टोकाला खोली होती, तिसऱ्या मजल्यावर. तिथे ह्यांनी तिला ठेवलं आणि दाराला दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप बसवलं. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिला काम मिळालं. पोलिसात, कोर्टात ती गेली नाही. कागद केला की कागदावर पत्ता घालावा लागतो आणि कागद त्याच्या हातात जातो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही तिच्याकडे जायचं नाही, हे ठरलं. कारण तो आमच्यावर नजर ठेवून होता.

लपून नव्हे हं. सरळ दुकानात यायचा. आठवड्याला एकदा, साधारण संध्याकाळी, इस्त्रीच्या शर्टात. एक कुलूप विकत घ्यायचा, लहानसं, पेटीला लावतात तसं. स्टुलावर बसायचा. हे किल्ली घासत राहायचे, तो बघत राहायचा. बेबीचा पत्ता त्याने एकदाही विचारला नाही. जाताना फक्त म्हणायचा, ‘तिला सांगा, मी रागावलेलो नाही.’ इतकी कुलपं घेऊन तो घरी काय करत असेल, या विचाराने मला झोप लागायची नाही. एकदा ह्यांनी धीर करून सांगितलं, ‘भावोजी, ती येणार नाही. तुम्ही नाद सोडा.’ तो हसला. म्हणाला, ‘मला घाई नाही. घाई ही तुमची सवय.’

तर असं सगळं असताना सुट्ट्या आल्या.

भाचीने फोनवर सांगून ठेवलं होतं, मामा, या वर्षी चाकांचे बूट. स्केट्स. जांभळे. हे महिनाभर ‘आणतो’ म्हणत होते. शेवटचा दिवस उजाडला तेव्हा काउंटरसमोर ही गर्दी. मी डबा घेऊन गेले आणि तिथेच अडकले. मी किल्ल्या पाकिटात घालून द्यायच्या आणि ह्यांनी कापायच्या. मधेच ह्यांना आठवलं. चेहरा पडला.

‘अगं, बेबीच्या पोरीचं राहिलंच!’

‘महिनाभर काय करत होतात?’

‘आता बाजारात जायला वेळ कुठाय? आणि गेलो तरी द्यायचं कसं? मी तिकडे जायला निघालो की तो मागावर असणार.’ मग एकदम ह्यांचा चेहरा उजळला. ‘ऑनलाइन पाठवतो. पार्सलवाल्याच्या मागे कोण जातंय?’

मला ते पटलं, खोटं कशाला बोलू. उलट वाटलं, चला, ह्यांच्या डोक्यातून एकदा तरी शहाणपणाची गोष्ट निघाली.

मग सुरू झाला तमाशा. बेबी गेल्यावर ह्यांनी स्वतःच्या फोनवर स्वतःचं नवं खातं उघडलं होतं, पण त्याचा पासवर्ड आठवेना. नवा मागितला तर तो येईपर्यंत एका गिऱ्हाइकाची किल्ली आली. किल्ली होईपर्यंत पासवर्डची वेळ संपली. परत मागितला. मग त्या फोनला संशय आला की हे माणूस नसून यंत्र आहेत. चित्रं दाखवली, यात सिग्नलचे दिवे कुठले ते ओळखा. ह्यांनी चष्मा पुसून ओळखले. चुकले. पुन्हा चित्रं, यात पूल कुठले? ‘अरे, मी माणूस आहे रे बाबा!’ हे फोनवर ओरडले, आणि रांगेतल्या एका बाईने दोन पावलं मागे घेतली.

जांभळे स्केट्स संपले होते. गुलाबी होते, पण मोठ्या माणसाच्या मापाचे. लाल होते, पोरीच्या मापाचे होते, फक्त शेवटचे दोन जोड राहिलेत असं ते पान ओरडून सांगत होतं. ह्यांनी घाईने पत्ता टाकला. उत्तर आलं, या पत्त्यावर सुट्टीनंतर पोचेल. सुट्टीनंतर! वरातीमागून घोडं. लवकर हवं असेल तर वर्गणी भरा. ह्यांनी भरायला घेतली, तर बँकेचा निरोप आला, व्यवहार होऊ शकत नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. तेवढ्यात दोनातला एक जोड कुणीतरी उचलला.

‘जाऊ दे, सुट्टीनंतर मिळेल तिला,’ मी म्हटलं.

‘तिथे तिला ना मैत्रिणी, ना कुणी,’ हे म्हणाले. ‘सुट्टीत आई कामावर आणि ही एकटी खोलीत. निदान चाकं तरी असू देत.’

हे असं बोलले की माझा राग विरघळतो. मी रांग सांभाळली आणि हे पडद्याआड गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले ते दात दाखवतच.

‘झालं! उद्या दुपारपर्यंत पोचतंय. एकदम फटकन झालं, काही विचारलंसुद्धा नाही.’

समोर पाच माणसं ताटकळत होती. कसं झालं, हे मी विचारलं नाही. ह्यांनी लगेच बेबीला फोन लावला. ती घरी आली होती. ह्यांनी भाचीला फोनवर घेतलं. ‘पिल्लू, उद्या पार्सलवाला येईल बरं का. एरवी दार उघडायचं नाही ते नाहीच. पण त्याने “मामाचं पार्सल” म्हटलं की उघड.’ पलीकडून किंकाळी आली ती मलाही ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुकान उघडं ठेवायचं होतं. गर्दी ओसरली होती. पडद्याआडच्या फळीवर ह्यांचा एक जुना फोन असतो, काच तडकलेला. त्यावर हे गाणी लावतात, बाकी त्याचा उपयोग नाही. गाणं मधेच थांबलं आणि टुंग वाजलं. गाणं पुन्हा लावायला म्हणून मी आत गेले. निरोप होता, तुमचं पार्सल आज येत आहे.

‘अहो, यावरून मागवलंत?’

‘हो ना,’ हे बाहेरून म्हणाले. ‘माझ्या फोनवर होईना. म्हटलं, यावर बघू. तर यात ते जुनं चालूच होतं. वर्गणी-बिर्गणी सगळं भरलेलं. पैसे मात्र मी माझेच भरले हं, माझ्या कार्डाने.’

जुनं. मला आधी कळलंच नाही. मग माझ्या हातातच दुसरा निरोप आला. आपल्या विनंतीनुसार पार्सल घरी न पाठवता केंद्रावर ठेवलं आहे, आपण येऊन घेऊन जावं.

‘तुम्ही विनंती केलीत? केंद्रावरून घेतो म्हणून?’

‘मी? नाही बुवा.’

मी बोट लावलं. पान उघडलं. वर लिहिलं होतं ‘नमस्कार’, आणि त्यापुढे भावोजीचं नाव.

 मी फोन ह्यांच्यापुढे धरला. ह्यांच्या हातात कानस होती, ती तशीच राहिली. खातं त्याने केव्हाच बंद केलं असेल, असं ह्यांनी गृहीत धरलं होतं. नात्यातून माणूस उठून गेलं की खातंही जातं, असं वाटतं आपल्याला. त्याने बंद केलं नव्हतं. त्याने ते तसंच उघडं ठेवलं होतं, आमच्यापैकी कुणीतरी कधीतरी घाईत येईल म्हणून. जे दार काही न विचारता उघडतं, तिथे निदान किल्लीवाल्याने तरी थबकायला हवं होतं. पण ह्यांना घाई होती.

‘नुसता पत्ताच ना,’ हे पुटपुटले. ‘नुसत्या पत्त्याने काय...’

नुसता पत्ता नव्हता. पार्सलवाल्यासाठी सूचना लिहायला एक चौकोन असतो. ह्यांनी तो प्रेमाने भरला होता. तिसरा मजला, जिन्यावरून डावीकडचं दार. बेल चालत नाही. मुलगी लहान आहे, दुपारी एकटीच असते, घाबरते. तरी दार हळू वाजवावे आणि ‘मामाचं पार्सल’ असे म्हणावे, म्हणजे ती उघडेल.

मी ते दोनदा वाचलं. 

बेबीचा फोन लावला, खोलीत दुसरा फोन नव्हताच. वाजत राहिला. धुलाईखान्यात फोन कपाटात ठेवून आत जावं लागतं, हे माहीत असूनही लावत राहिले. बेबीच्या शेजारची बाई, जी पोरीकडे लक्ष ठेवायची, ती सुट्टीला गेली होती. जाण्यापूर्वी तिनेही कुलूप बसवून घेतलं होतं, ह्यांच्याच ओळखीच्या माणसाकडून. ह्यांनी पार्सलच्या कंपनीचा मदत क्रमांक लावला. ह्याच्यासाठी एक दाबा, त्याच्यासाठी दोन दाबा, आणि मधे ते गाणं. शेवटी एक मुलगी बोलली, फार गोड.

‘सर, आपण खातेदार बोलताय का?’

‘नाही, मी... खातेदार माझ्या बहिणीचे यजमान आहेत. पण पार्सल मी पाठवलंय. ते थांबवा. त्यांना देऊ नका!’

‘सॉरी सर. खातेदाराच्या सुरक्षिततेसाठी बदल फक्त खातेदारच करू शकतात.’

‘अहो बाई, तिथे एक लहान मुलगी—’

‘आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का, सर?’

ह्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. रडले असं नाही म्हणत मी. पण फोन ठेवल्यावर हे मशीनच्या मुठीला धरून उभे राहिले आणि ते मशीन, बंद असलेलं, खडखडायला लागलं.

शटर ओढलं. एक गिऱ्हाईक ओरडलं, माझी किल्ली तरी द्या. मी म्हटलं, मरू दे तुमची किल्ली. टॅक्सीत बसल्यावर मी पोलिसांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस शांतपणे ऐकून म्हणाला, ‘म्हणजे मुलीचा बापच ना?’ मी म्हटलं, हो, पण. ‘तक्रार वगैरे दिलेली आहे का आधी?’ मी म्हटलं, नाही, पण. ‘बघतो. पाठवतो कुणाला तरी.’

रस्ते तुंबले होते. जो तो सामान लादून सुट्टीला निघालेला. आमच्या पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून दोन पोरं आम्हाला वाकुल्या दाखवत होती. तडकलेला फोन माझ्या मांडीवर होता. टुंग वाजलं. पार्सल खातेदाराच्या ताब्यात दिलं आहे. आणि खाली पाच चांदण्या, आमची सेवा कशी वाटली, कृपया कळवा.

‘आणखी जवळचा रस्ता नाही का?’ हे टॅक्सीवाल्याला म्हणाले.

‘साहेब, सगळ्यांनाच घाई आहे.’

मी ह्यांना बोलले नाही. बोलायला तोंडाशी हजार गोष्टी होत्या. महिनाभर सांगत होते, वेळेवर करा. पण हे खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होते, आणि काय पुटपुटताहेत ते मला ऐकू आलं. ‘उघडू नको, पिल्लू. उघडू नको.’ काल ह्यांनीच तिला उघड म्हणून सांगितलं होतं.  मी ह्यांचा हात धरला, इतकंच.

बेबीच्या इमारतीपाशी उतरलो तर समोरून बेबीच येत होती. सुट्टीचा दिवस म्हणून त्यांना लवकर सोडलं होतं. हातात पिशवी, पिशवीतून पाव डोकावत होता, आणि कितीतरी महिन्यांनी मी तिला रस्त्यात गुणगुणताना पाहिलं. आम्हाला बघून आधी हसली. मग आम्ही दोघं तिथे आहोत याचा अर्थ तिच्या ध्यानात आला.

‘काय झालं?’

‘बेबी,’ एवढंच हे म्हणाले. मी सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं. तिने पिशवी खाली ठेवली. नीट, कडेला, कुणाच्या पायात येणार नाही अशी. मग ती मान वर करून ऐकू लागली.

तिसऱ्या मजल्यावरून आवाज येत होता. फरशीवरून चाकं फिरल्याचा. खर्र करत एका भिंतीपासून निघायची, दुसऱ्या भिंतीवर थडकायची, आणि मधे पोरीचं खिदळणं.

‘तो आत आहे,’ बेबी म्हणाली.

हे जिन्याकडे धावले. तिने दंड धरून मागे ओढलं. एवढीशी बाई, पण ओले कपडे पिळून हात दगडासारखे झालेत तिचे.

‘तू नको, दादा. तुला बघून तो काही बोलणार नाही. हसेल. आणि मग तुम्ही गेलात की...’ ती थांबली. ‘मलाच जायला हवं.’

‘पोलीस येताहेत,’ मी म्हटलं. ‘थांब तेवढं.’

‘वहिनी, पोरगी आत आहे.’

तेवढ्यात वर खिडकी उघडली. तो होता. इस्त्रीचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, अगदी घरातल्यासारख्या. आम्हाला तिघांना बघून त्याने हात केला.

‘अरे वा, सगळेच आलात! वर या ना, वहिनी. मी चहा टाकलाय.’ आणि आत वळून म्हणाला, ‘बघ पिल्लू, मी म्हटलं नव्हतं, आई येईल म्हणून?’

बेबी जिना चढू लागली. सावकाश चढत होती, पण थांबली मात्र कुठेच नाही. तिची पिशवी खाली तशीच राहिली. वर दार उघडल्याचा आवाज आला. चाकं थांबली. मग दार बंद झालं, आणि काही वेळाने चाकं पुन्हा फिरायला लागली, पण आता खिदळणं नव्हतं.

हे दोनदा जिन्याच्या तोंडापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. मी शिव्या दिल्या, त्याला, त्या कंपनीला, देवाला. ह्यांना नाही दिल्या. तेवढंच माझ्या हातात होतं.

पोलीस आला तो एकटाच, मोटरसायकलवर. तरुण होता, अंगात रग दिसत होती, मला जरा आशा वाटली. आम्ही जे होतं ते सांगितलं. तो ऐकून वर गेला. बराच वेळ वर होता. खाली आला तेव्हा रुमालाने ओठ टिपत होता. चहा प्यायला होता.

‘फोन कुणी केला होता?’

‘मी,’ मी म्हटलं.

‘ताईंची काही तक्रार नाही. मी दोनदा विचारलं.’

‘तो समोर उभा असताना विचारलंत?’

‘हो, दोघं दारातच होते ना. मुलगी त्यांच्या कडेवर होती. बोलायला गृहस्थ सज्जन वाटले. थोडे दिवस इथेच राहतो म्हणाले, मग सगळे मिळून घरी जाणार.’ मग तो ह्यांच्याकडे वळला. ‘तुम्ही ताईंचे भाऊ ना? तुमच्या मिसेस म्हणतात, ते जबरदस्तीने घुसले. पण त्यांनी मला मोबाईल दाखवला. पत्ता, मजला, कुठलं दार, मुलगी एकटी कधी असते, दार उघडायला तिला काय सांगायचं, सगळं लिहिलेलं आहे त्यात. ते म्हणतात, मेहुण्याने बोलावलं म्हणून आलो. हे तुम्ही लिहिलंय का?’

वरून चाकांचा आवाजही आता बंद झाला होता. हे खिडकीकडे बघत होते. खिडकी लावून घेतलेली होती.

‘साहेब विचारतायत,’ मी हळूच म्हटलं.

‘हो,’ हे म्हणाले. ‘मीच लिहिलंय.’